हाताचे स्नायू व कंडरा : रचनाज्ञानापासून क्रियाज्ञानापर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

मानवी हाताची रचना हा शारीरविद्येतील अत्यंत जुना आणि पुनःपुन्हा हाताळला गेलेला विषय आहे. तथापि त्याचा इतिहास लिहिताना बहुधा एकाच अंगावर भर दिला जातो : कोणता स्नायू प्रथम कोणी पाहिला, त्याला नाव कोणी दिले, आणि पूर्वसूरींची कोणती चूक कोणी सुधारली. या पद्धतीने पाहिल्यास हाताच्या ज्ञानाचा इतिहास सोळाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ संपतो, कारण इ. स. १५४३ पर्यंत हातातील बहुतेक सर्व स्नायू व कंडरा पाहिल्या गेल्या होत्या आणि त्यांची उत्तम चित्रेही छापली गेली होती. परंतु वाकलेले बोट सरळ कशाने होते, या वरवर अत्यंत साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास त्यानंतर तीनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. जे डोळ्यांसमोर होते ते समजण्यास इतका विलंब का लागावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न समजण्यासाठी रचनेची स्थूल रूपरेषा ध्यानात घेणे अवश्य आहे. बोटांमध्ये त्यांना हलविणाऱ्या स्नायूंचा मांसल भाग नसतो. बोटे हलविणारे स्नायू काही प्रबाहूत, म्हणजे कोपर व मनगट यांच्या दरम्यान, आणि काही तळहातात असतात. बोटांपर्यंत पोहोचतात त्या केवळ त्यांच्या कंडरा. प्रबाहूच्या पुढील बाजूस बोटे वाकविणारे दोन स्नायू आहेत, एक उथळ व एक खोल. उथळ स्नायूची कंडरा मधल्या पेराशी येऊन दुभंगते आणि त्या फटीतून खोल स्नायूची कंडरा पुढे अग्रपेरापर्यंत जाते. प्रबाहूच्या मागील बाजूस बोटे ताठ करणारा प्रसारक स्नायू असतो. मनगटाच्या पुढील अरुंद बोगद्यातून बोटे व अंगठा वाकविणाऱ्या एकंदर नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या जोडीने एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. याखेरीज तळहातातच उगम पावणारे लहान स्नायू आहेत : अंगठ्याच्या व करंगळीच्या उंचवट्यांतील, तळव्याच्या हाडांच्या दरम्यानचे सात अस्थ्यंतर स्नायू, आणि गांडुळासारखे बारीक व लांबट असे चार कृमिसदृश स्नायू. या शेवटच्या चौघांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचा उगम हाडावर नसून खोल स्नायूच्या कंडरेवर होतो आणि शेवटही हाडावर न होता प्रसारकाच्या कंडरेत होतो. हाताच्या इतिहासातील खरा तिढा याच लहान स्नायूंभोवती पडलेला आहे.

२. सुश्रुतसंहितेतील कंडरा

मराठी अभ्यासकाने या विषयाकडे वळताना एक परिभाषिक अडचण प्रथमच दूर केली पाहिजे. आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस, आणि ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्मतम घटक. सुश्रुतसंहितेत या शब्दांचे अर्थ निराळे आहेत. तेथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचा विशिष्ट भाग; आणि ‘स्नायू’ म्हणजे बांधणारे, ओढणारे, तंतुमय असे द्रव्य, ज्यात आजचे अस्थिबंध व कंडरा दोन्ही येतात. हिंदीत ‘पेशी’ हा शब्द मांसाच्या अर्थाने टिकून राहिला; मराठीत तो सरकला. ही नोंद न ठेवता प्राचीन वचने आधुनिक अर्थाने वाचल्यास भलतेच निष्कर्ष निघतात.

शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्नायूंची संख्या नऊशे व पेशींची पाचशे सांगितली असून त्यांपैकी अनुक्रमे सहाशे व चारशे हातापायांत असल्याचे म्हटले आहे. स्नायूंचे चार प्रकार मानले असून त्यांतील वर्तुळाकार छेदाच्या, गोल स्नायूंना कंडरा ही संज्ञा आहे. कंडरा एकंदर सोळा. त्यांपैकी चार हातांकडे. हातापायांच्या कंडरांचे अग्रांकुर म्हणजे नखे, असे तेथे सांगितले आहे. या विधानात कंडरा बोटाच्या अगदी टोकापर्यंत पोहोचते या निरीक्षणाचा स्पष्ट ठसा आहे, मग नखाविषयीचे अनुमान आज ग्राह्य वाटो वा न वाटो. याच अध्यायात मृत शरीर गवतादिकांनी वेष्टून वाहत्या पाण्यात ठेवावे आणि सात रात्रींनंतर ते कूर्चांनी हळूहळू घासून एकेक थर पाहावा, अशी विच्छेदनाची रीत दिली आहे. या रीतीने मऊ मांस लवकर विरते आणि चिवट कंडरा व अस्थिबंध मागे राहतात. संहितेत मांसाच्या तपशिलापेक्षा बंधक तंतूंना इतके महत्त्व का मिळाले असावे, याचे एक कारण कदाचित या पद्धतीतच असेल.

त्याहून महत्त्वाचा आहे तो सहावा, मर्मांचा अध्याय. येथे हाताकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अंगठा व तर्जनी यांमधील क्षिप्र, तळव्याच्या मध्याचे तलहृदय, त्यापुढील कूर्च व कूर्चशिर, मनगटाचे मणिबंध, ही सर्व स्थाने तेथील इजेचा परिणाम काय होतो यावरून ओळखली आहेत. कूर्चाला इजा झाल्यास अवयव वाकडा होतो व कापतो. मणिबंधाला झाल्यास हात कुंठित होतो. हाडे, पेशी, सिरा किंवा सांधे यांच्यापेक्षाही स्नायूंची हानी शरीराला अधिक घातक, असाही निर्वाळा पाचव्या अध्यायात आहे. या विधानांत आधुनिक शारीरविद्या शोधणे अनैतिहासिक ठरेल. परंतु बिघडलेल्या हातावरून निरोगी हाताचे व्यापार जाणावयाचे, ही दिशा येथे निश्चितपणे दिसते. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, प्रश्नाचा उलगडा अखेरीस याच दिशेने झाला.

३. गेलेन : हेतूची मीमांसा

ग्रीक परंपरेत हाताची चर्चा प्रथम तत्त्वज्ञानात आढळते. मनुष्याला हात आहेत म्हणून तो सर्वांत बुद्धिमान झाला, असे मत ॲनाक्सॅगोरसच्या नावावर सांगितले जाते. ॲरिस्टॉटलने ते उलटविले : मनुष्य बुद्धिमान आहे म्हणूनच निसर्गाने त्याला हात दिले. इ. स. १२९ मध्ये पर्गमम येथे जन्मलेल्या गेलेनने दुसरे मत स्वीकारले, आणि शरीराच्या अवयवांच्या उपयोगांवरील आपल्या विस्तृत ग्रंथाची पहिली दोन पुस्तके हात व प्रबाहू यांच्या वर्णनास वाहिली. शरीरातील एकही भाग निरर्थक नाही, हा त्याचा सिद्धांत. आणि तो सिद्ध करण्यासाठी त्याला हाताइतका अनुकूल अवयव दुसरा नव्हता.

गेलेनच्या या वर्णनाचा सूक्ष्मपणा आजही आश्चर्यकारक वाटतो. पर्गमम येथे ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून त्याने इ. स. १५७ पासून काम केले होते. तुटलेल्या कंडरा व जखमी हात यांचा त्याला प्रत्यक्ष अनुभव होता. उथळ कंडरेच्या फटीतून खोल कंडरा जाते ही रचना त्याने नीट वर्णिली. तळहातातील लहान स्नायू पूर्वीच्या अभ्यासकांच्या, आणि बराच काळ आपल्याही, नजरेतून सुटले होते, अशी प्रांजळ कबुली त्याने दिली आहे.

परंतु त्याच्या विच्छेदनाचा विषय मुख्यतः माकड होते, मनुष्य नव्हे. आणि हाताच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नाही. अंगठ्याचे अग्रपेर वाकविण्यासाठी मानवी प्रबाहूत एक स्वतंत्र स्नायू असतो. मर्कटांत अंगठ्याकडे जाणारी कंडरा बोटांच्या सामाईक खोल कंडरेतूनच फुटते. गेलेनचे वर्णन या दुसऱ्या रचनेशी जुळते. चिमटीत सुई धरणारा, लेखणी चालविणारा अंगठा ज्या स्वातंत्र्यावर अवलंबून आहे, ते स्वातंत्र्यच या वर्णनात हरवले. मानवी हाताचे स्तवन करण्यासाठी लिहिलेला ग्रंथ काही अंशी माकडाच्या हातावर आधारलेला असावा, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

दुसरी मर्यादा पद्धतीची होती. प्रत्येक भागाला हेतू असलाच पाहिजे, असे गृहीत धरले की हेतू सापडतोच. तळहाताच्या कातडीखाली पसरणाऱ्या कंडरेचा उपयोग गेलेनने तळवा केसरहित, घट्ट व स्पर्शक्षम ठेवणे हा सांगितला. या कंडरेचा स्नायू अनेक माणसांच्या एका अथवा दोन्ही हातांत मुळातच नसतो, आणि तरीही त्यांच्या तळव्यांत काही उणे नसते. ही गोष्ट ध्यानात येण्यास अनेक मानवी शरीरे तपासण्याची गरज होती.

४. सोळावे शतक : डोळ्यांचे राज्य

मानवी शरीराचे विच्छेदन इटलीतील विद्यापीठांत चौदाव्या शतकापासून होत असले, तरी त्याची रीत विचित्र होती. प्राध्यापक उच्चासनावरून ग्रंथ वाची. सुरी चालवी तो न्हावी-शस्त्रवैद्य. आणि दोघांमधील विसंगती कोणाच्या ध्यानात आलीच, तर ती शवाची चूक मानली जाई. या परिस्थितीत पहिला मोठा बदल चित्रकारांनी घडविला. इ. स. १५१० च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने हाताच्या विच्छेदनाची थरवार चित्रे काढली : प्रथम हाडे, मग खोल कंडरा, मग उथळ कंडरा, अखेरीस मज्जातंतू व रक्तवाहिन्या. एका कंडरेतून दुसरी जाते ती जागाही त्याने बारकाईने दाखविली आहे. तथापि ही चित्रे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत, व म्हणून त्यांचा तत्कालीन विद्येवर फारसा परिणाम झाला नाही. फेरारा येथील कानानो याने इ. स. १५४१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात बाहूच्या स्नायूंची सत्तावीस चित्रे होती. नियोजित ग्रंथाचा तो केवळ पहिला भाग होता. पुढील भाग निघालेच नाहीत.

इ. स. १५४३ मध्ये बाझेल येथे अँड्रियास व्हेसॅलियसचा मानवी शरीराच्या रचनेवरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथातील त्याच्या एकमेव व्यक्तिचित्रात तो एका मृत हाताची उकललेली प्रबाहू वाचकासमोर धरून उभा आहे. बोटे वाकविणाऱ्या कंडरा सुट्या करून दाखविलेल्या आहेत. ही निवड सहेतुक होती. वैद्यांनी हाताचे काम न्हाव्यांवर सोपविले आणि त्यामुळे वैद्यकाचा ऱ्हास झाला, ही तक्रार त्याने ग्रंथाच्या प्रस्तावनेत आवेशाने मांडली आहे. स्वतःच्या हाताने विच्छेदन करणारा प्राध्यापक आपले चित्र हाताच्या विच्छेदनासह छापतो, यातील आशय त्या काळच्या वाचकास वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

व्हेसॅलियसने आणि त्याच्या समकालीनांनी गेलेनचे मर्कटप्रमाण एकेक करून तपासले. तळव्याच्या कंडरेचा उपर्युक्त स्नायू काही व्यक्तींत नसतो, ही नोंद रेआल्दो कोलोंबो याच्या इ. स. १५५९ मधील ग्रंथात आढळते. अपवाद हा निसर्गाचा प्रमाद नसून नोंद घेण्याजोगी वस्तुस्थिती आहे, ही जाणीव येथे आकार घेताना दिसते. परंतु या शतकाचे सारे यश नजरेचे होते. स्नायू कोठून निघतो, कोठे संपतो, त्याच्यावर व खाली काय आहे, हे पाहून सांगता येत होते. तो काय करतो, हे त्याच्या दिशेवरून अनुमानाने ठरविले जाई.

५. इ. स. १६३२ : कंडरा ओढणारा चिमटा

अनुमानाकडून प्रयोगाकडे जाण्याचा प्रयत्न कसा होत होता, याचे सर्वांत प्रसिद्ध साक्ष्य एका चित्रात आहे. इ. स. १६३२ च्या जानेवारीत ॲम्स्टरडॅम येथे दरोड्याच्या गुन्ह्याबद्दल फाशी गेलेल्या एका इसमाचे शव शस्त्रवैद्यांच्या संघाला विच्छेदनासाठी मिळाले. संघाचे व्याख्याते निकोलास टुल्प होते. सव्वीस वर्षांच्या आत असलेल्या रेम्ब्रांटने काढलेले या प्रसंगाचे चित्र आज हेग येथील मॉरिट्सहाऊस या संग्रहालयात आहे. सार्वजनिक विच्छेदनात लवकर कुजणारे पोट प्रथम उघडण्याचा प्रघात असताना या चित्रात पोट अभंग आहे आणि उघडलेला आहे तो डावा हात. इ. स. १९५८ मध्ये विल्यम हेक्शर याने या चित्रावर लिहिलेल्या ग्रंथापासून या निवडीची चर्चा सतत होत आली असून, टुल्पने स्वतःला व्हेसॅलियसचा वारस म्हणून दाखविण्याचा हा प्रयत्न होता, असे मत अनेकांनी मांडले आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन हातांचा संबंध महत्त्वाचा आहे. टुल्पच्या उजव्या हातातील चिमट्याने बोटे वाकविणारा उथळ स्नायू उचलून धरला आहे. त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताची बोटे अर्धवट वाकलेली आहेत. मृत हातात कारण दाखवावयाचे आणि जिवंत हातात कार्य, अशी ही योजना दिसते. चित्रातील स्नायूंच्या उगमस्थानाविषयी शारीरज्ञांमध्ये बराच वाद झाला असून, इ. स. २००६ मध्ये ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी एका डाव्या प्रबाहूचे विच्छेदन करून चित्राशी ताडून पाहिले, तेव्हा काही तपशिलांत फरक आढळला. परंतु चित्रकाराच्या अचूकतेपेक्षा व्याख्यात्याची पद्धती येथे अधिक बोलकी आहे. चिमट्याने कंडरा ओढली की बोट वाकते, हे खरे. पण यावरून इतकेच सिद्ध होते, की ही एकटी कंडरा ओढली असता काय होऊ शकते. जिवंत माणूस एकच कंडरा कधी ओढत नाही. तो मूठ वळतो तेव्हा मनगट मागे रोखून धरणारे स्नायूही काम करीत असतात. तो बोट ताठ करतो तेव्हा अनेक ओढींचा तोल साधला जात असतो. हा तोल मृत हातात नाही, म्हणून तो चिमट्याला सापडत नाही.

६. द्युशेन : विजेचा स्पर्श आणि विकल हात

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीही हाताचा विचार हेतूच्या अंगाने चालूच होता. इ. स. १८३३ मध्ये चार्ल्स बेल याने हातावर लिहिलेला ग्रंथ सृष्टिकर्त्याच्या योजनेचा पुरावा देण्यासाठी स्थापन झालेल्या मालेतील होता. बेलचे ज्ञान गेलेनपेक्षा कितीतरी अधिक होते. वेगवेगळ्या प्राण्यांच्या पुढच्या पायांशी मानवी हाताची त्याने केलेली तुलना आजही वाचनीय आहे. तरीही प्रश्नाची मांडणी तीच होती : रचना इतकी सुंदर का आहे?

ती मांडणी बदलली गीयोम द्युशेन याने. इ. स. १८०६ मध्ये बूलोन येथे जन्मलेला हा वैद्य पॅरिसमध्ये कोणतेही अधिकारपद नसताना एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आपले विद्युत्-यंत्र घेऊन हिंडत असे. कातडीवर ओलसर विद्युदग्रे ठेवून एकच स्नायू आकुंचित करता येतो, असे त्याने दाखविले, आणि इ. स. १८५५ मध्ये या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्नायूंच्या क्रियांवरील त्याचा मुख्य ग्रंथ इ. स. १८६७ मधील आहे.

बोटांविषयी त्याला आढळले ते प्रचलित समजुतीच्या विरुद्ध होते. प्रबाहूतील प्रसारक स्नायू बोट संपूर्ण सरळ करतो, असे मानले जात असे. त्याचे नावच तसे होते. विजेने तो उत्तेजित केला असता बोटाचे मूळपेर जोराने मागे जाई, पण पुढील दोन पेरे पुरती सरळ होत नसत. याउलट अस्थ्यंतर स्नायू उत्तेजित केले असता मूळपेर पुढे वाके आणि पुढील दोन पेरे सरळ होत. म्हणजे एकच लहान स्नायू एका सांध्यात वाकविणारा आणि पुढील दोन सांध्यांत ताठ करणारा होता. दिशेवरून क्रिया ठरविणाऱ्या अनुमानाला ही दुहेरी क्रिया सुचणे कठीण होते; कारण ती स्नायूच्या एका टोकावर नव्हे, तर प्रसारक कंडरेच्या पसरट जाळीत तो कोठे व कसा मिसळतो यावर अवलंबून असते.

परंतु वीज हे द्युशेनचे अर्धेच साधन होते. विजेने उत्तेजित केलेला स्नायूही एक प्रकारे चिमट्याने ओढलेल्या कंडरेसारखाच एकटा असतो, याची त्याला जाणीव होती. म्हणून त्याने प्रत्येक निष्कर्ष अशा रुग्णांवर ताडून पाहिला, की ज्यांचा तो विशिष्ट स्नायू निकामी झाला आहे. ज्यांचे अस्थ्यंतर व कृमिसदृश स्नायू लुळे पडले होते, त्यांच्या हातांत मूळपेरे मागे ताणलेली आणि पुढील पेरे आत वळलेली दिसत. पंजासारखा दिसणारा हा हात म्हणजे निरोगी हातातील एक ओढ वजा केल्यावर उरलेली बेरीज होती. जे निरोगी हातात तोलामुळे झाकलेले असते, ते विकल हाताने उघड केले.

द्युशेनच्या सिद्धांतास एक महत्त्वाची दुरुस्ती मात्र हवी होती, आणि तिचे बीज आधीच पडलेले होते. बूव्हिए याने इ. स. १८५१ मध्येच असे निदर्शनास आणले होते, की पंजासारख्या झालेल्या हातात मूळपेर मागे जाण्यापासून बाहेरून रोखून धरले, तर रुग्ण पुढील पेरे पुष्कळदा प्रबाहूतील प्रसारकानेच सरळ करू शकतो. अर्थात प्रसारक त्या कामास असमर्थ नाही; त्याची सारी ओढ मूळसांध्यावर खर्च होते, एवढेच. लहान स्नायूंचे एक प्रमुख कार्य मूळसांधा स्थिर राखणे हे आहे. बोट सरळ कशाने होते, याचे उत्तर एका स्नायूचे नाव नसून दोघांमधील करार आहे, ही समजूत येथून पुढे दृढ होत गेली. लेडन येथील लांड्समेर याने इ. स. १९४९ मध्ये बोटाच्या पृष्ठभागावरील कंडराजाळ्याचे केलेले विवरण, आणि इ. स. १९६४ मध्ये लाँग व ब्राऊन यांनी जिवंत हातातील स्नायूंचे विद्युत्-आलेख घेऊन केलेला अभ्यास, ही त्या वाटेवरील पुढील ठिकाणे होत.

७. शस्त्रक्रिया : ज्ञानाची कसोटी

एखाद्या यंत्राचे ज्ञान पूर्ण झाले की नाही, याची खरी कसोटी ते दुरुस्त करता येते की नाही ही होय. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन शस्त्रवैद्याने इ. स. १९४४ मध्ये हाताच्या शस्त्रक्रियेवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने ही एक स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. बोटाच्या ज्या भागात दोन्ही आकुंचक कंडरा एकाच अरुंद म्यानातून जातात, तेथील तुटलेली कंडरा तत्काळ शिवू नये, असा बनेलचा कटाक्ष होता. कारण शिवलेली कंडरा म्यानाला चिकटून बोट आखडे. गेलेनपासून ज्या रचनेचे कौतुक होत आले, तीच शस्त्रवैद्याला सर्वांत दुर्गम ठरली. इ. स. १९६७ मध्ये क्लाइनर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील तत्काळ शिवणीचे चांगले परिणाम मांडल्यानंतर हा निर्बंध हळूहळू शिथिल झाला. योगायोगाची गोष्ट अशी, की नवी कंडरा बसविण्याची वेळ येते तेव्हा शस्त्रवैद्य वारंवार घेतो ती तळव्याकडे जाणारी तीच कंडरा, जी काहींना नसतेच. तिच्यावाचून हात अडत नाही, म्हणूनच ती काढून घेता येते.

या ज्ञानाची सर्वांत मोठी परीक्षा भारतात झाली. कुष्ठरोगात जंतूंचा उपद्रव मज्जातंतूंना होतो. कोपराच्या आतील बाजूने जाणारा अल्नर मज्जातंतू आणि मनगटातील मध्य मज्जातंतू सापडले, की हातातील लहान स्नायू निकामी होतात व हात पंजासारखा होतो. इ. स. १९४० नंतरच्या दशकात आलेल्या सल्फोन औषधांनी जंतू नाहीसे करता येऊ लागले; परंतु आखडलेला हात औषधाने सरळ होत नव्हता. रोग बरा झालेला माणूस हाताच्या आकारावरून ओळखला जाई आणि त्याला काम व घर दोन्ही नाकारले जाई.

तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत इ. स. १९१४ मध्ये जन्मलेले पॉल ब्रँड इ. स. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले. पुढील वर्षी चिंगलपेट येथील कुष्ठाश्रम पाहताना त्यांचे लक्ष अशा हातांकडे गेले. तपासणीत त्यांना आढळले, की लहान स्नायू लुळे असले तरी प्रबाहूतील बहुतेक मोठे स्नायू शाबूत असतात. रोगाची ही ठरावीक घडण हीच शस्त्रक्रियेची संधी होती : जे स्नायू निश्चितपणे वाचलेले आहेत, त्यांतील एकाची कंडरा वळवून हरवलेल्या स्नायूचे काम तिला देता येईल. इ. स. १९४८ पासून वेल्लोरला अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. प्रारंभी बोट वाकविणारी उथळ कंडराच सोडवून ती प्रसारकाच्या जाळ्याला जोडली जाई. पुढे मनगट ताठ करणाऱ्या एका स्नायूला कंडरेचा जोड देऊन त्याच्या चार शाखा चार बोटांना पोहोचविण्याची रीत ब्रँड यांनी बसविली. या कामाचा वृत्तांत त्यांनी इ. स. १९५२ मध्ये लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या राजमान्य संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रात हे कार्य नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात व नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चालविले. तिकडे अर्जेंटिनातील सांकोली याने इ. स. १९५७ मध्ये निराळाच मार्ग सुचविला होता : कंडरा हलवावयाची नाही, केवळ मूळसांध्याचे आवरण पुढील बाजूने आखूड करून तो सांधा मागे जाऊ द्यावयाचा नाही. त्यामागे बूव्हिएचे शतकापूर्वीचे निरीक्षण होते. दोन्ही मार्गांनी बोटे सरळ होऊ शकली, आणि अशा रीतीने पॅरिसच्या रुग्णालयांत मांडलेले विवरण वेल्लोर व कोंढवा येथील हातांवर पडताळले गेले.

या पडताळणीतून एक गोष्ट विशेष स्पष्ट झाली. बोट वाकविण्यासाठी जन्मभर वापरलेला स्नायू जेव्हा बोट सरळ करण्याच्या कामास लावला जातो, तेव्हा प्रारंभी रुग्णाला तो कसा चालवावा हे कळत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे या शिक्षणात जातात, आणि बहुतेकांना ते साधते. म्हणजे क्रिया ही स्नायूच्या ठिकाणी कायमची कोरलेली नसते. ती रचना, तोल आणि अभ्यास यांनी मिळून घडते. गेलेनच्या ठरीव हेतूंच्या जगात या अनुभवाला जागा मिळणे कठीण होते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल, की हाताच्या रचनेचे ज्ञान आणि त्याच्या क्रियेचे ज्ञान यांचा इतिहास एक नाही. रचना जाणण्यासाठी मृत हात, तीक्ष्ण नजर आणि प्रामाण्यास प्रश्न विचारण्याचे धैर्य पुरेसे होते. ते सोळाव्या शतकात एकत्र आले. क्रिया जाणण्यासाठी जिवंत हात लागला, आणि त्यातही ज्याचा तोल बिघडला आहे असा हात लागला. शवविच्छेदनगृहात फाशी गेलेल्या गुन्हेगाराचा हात आणि रुग्णालयात पक्षाघाताने वा कुष्ठाने विकल झालेल्याचा हात, या दोघांनीही विद्येला सारखेच शिकविले. परंतु पहिल्याला त्या शिक्षणाचा काही मोबदला मिळणे शक्य नव्हते. दुसऱ्याच्या बाबतीत शास्त्राला आपले ऋण फेडण्याची संधी मिळाली. वेल्लोर व कोंढवा येथे जी बोटे पुन्हा सरळ झाली, ती त्या ऋणाची अंशतः झालेली फेड होय. म्हणूनच शारीरविद्येच्या इतिहासात ज्यांची नावे ग्रंथांवर छापली गेली त्यांच्याबरोबरच, ज्यांचे हात ग्रंथांचा विषय झाले त्यांचीही गणना व्हावयास हवी.